साक्ष द्यायला उभं राहवत नाही

ताई, मी मूळची जालन्याची. पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. आता सेलूला शिक्षिका आहे. इथं माझ्या ओळखीचं एकही ख्रिस्ती घर नाही. स्टाफरूममध्ये हसत विचारतात, ‘बाटायला काय मिळालं होतं हो तुमच्या लोकांना?’ रविवारी जालन्याला उपासनेला गेले तर तिथंही परकीच. बाकीचे उभे राहून, डोळ्यांत पाणी आणून साक्ष देतात, म्हणजे ख्रिस्त आपल्याला कसा भेटला ते सगळ्यांपुढं सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. रात्री खोलीत एकटी प्रार्थना करते, तेवढीच खरी वाटते. माझा विश्वास खोटा आहे का? – स., सेलू

स., मी स्वतः ख्रिस्ती नाही. तेव्हा धर्मातलं तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचार, एकटेपणातलं माझ्याशी बोल.

स्टाफरूमचं आधी उरकते. पुढच्या वेळी ‘ते पणजोबांना माहीत’ एवढं म्हण आणि वह्या तपासायला घे. मात्र हसू नकोस. तू हसून साजरं करतेस म्हणून ते पुन्हा विचारतात, असा मला दाट संशय आहे.

तुझा खरा सल साक्षीचा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला आठ वर्षं गेली. एवढी शास्त्रं कोळून प्यालेली बाई! मधल्या काळात त्या हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. धर्ममतांवरून गुरुस्थानी असलेल्या इंग्रज धर्मभगिनींशी पत्रातून वाद घालत होत्या. १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. लक्ष्मीबाई टिळकांनाही नवऱ्याचा विश्वास उसना घेता आला नाही. नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. नवऱ्याचा चालला नाही, तिथं तुला पणजोबांचा कसा पुरेल? तुझा तुलाच शोधावा लागतोय, आणि रात्री तू तेच करतेस. दार लावून गुप्तपणे प्रार्थना कर, हे तर बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात येशूच सांगतो.

पण बाई, त्या दाराला आतून कुलूप घालू नकोस. बायबलमधला संदेष्टा एलीयाही ‘मी एकटाच उरलोय’ म्हणत होता. देवानं सांगितलं, अजून ७००० जण आहेत. त्याआधी देवदूतानं त्याला दोनदा भाकर खायला घातली आणि झोपू दिलं. मला त्या कथेतलं हेच फार आवडतं. तू नीट जेवतेस ना गं?

सात हजार नकोत, एक शोध. साक्षीच्या वेळी खाली मान घालून बसणारी एखादी बाई तुमच्या मंडळीत असणारच. उपासना सुटल्यावर सगळे चहाकडे वळले, की तिच्याशेजारी जाऊन बस. दर रविवारी जमत नसेल तर महिन्यातून एकदा जा. आणि पाळकसाहेबांना स्पष्ट सांगून ठेव, की मी स्वतः उठेन तेव्हा उठेन, तोवर माझं नाव पुकारू नका.

– ताई