सोफ्यावरचा मोदक: क्रोशाच्या मोठ्या उशांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात क्रोशाच्या लहान फळांबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त जणींनी एकच विचारलंय, की हेच मोठं कसं करायचं, सोफ्यावर ठेवता येईल, टेकून बसता येईल एवढं. कुणाला मोदक हवाय, कुणाला वडापाव, कुणाला कलिंगडाची फोड. म्हणून या वेळी सगळे प्रश्न मोठ्या उशांचेच घेतलेत.

प्रश्न : ताई, गणपतीत दिवाणावर ठेवायला मोठी मोदकाची उशी करायची आहे. लहान मोदक छान जमतो, त्याचेच टाके दुप्पट करून पाहिले तर वरून नुसता टोकदार शंकू होतोय आणि कळ्या दिसतच नाहीत. मला साधे टाके येतात, साखळी, सिंगल क्रोशे, खांब. यात जमेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : एवढ्या टाक्यांत अगदी आरामात जमेल. अडचण टाक्यांची नाहीये, हिशोबाची आहे. शंकू होतो कारण तुम्ही वरपर्यंत एकाच गतीनं टाके घटवताय. एकसारखं घटवत गेलं की वाढदिवसाची टोपी तयार होते. खरा मोदक हातात धरून बघा ना, खाली पोट फुगीर असतं, मध्यावरून तो झपकन आत येतो आणि टोकाशी परत जरा उभा, निमुळता होतो. म्हणजे आधी हळू घटवायचं, मग भराभर आणि शेवटी परत हळू.

आता कळ्या. त्या वरून दोऱ्यानं शिवायच्या नाहीत, विणतानाच पाडायच्या. मी 168 टाक्यांचा घेर सुचवते, कारण 168 ला 6 नेही भाग जातो आणि 21 नेही. 6 ने का ते पुढच्या उत्तरात येईलच, आणि 21 का हे गणपतीच्या नैवेद्याला मी वेगळं सांगायला नको. प्रत्येक कळीला 8 टाके येतात. तळ म्हणजे सपाट गोल, मधून सुरू करून दर फेरीला 6 टाके वाढवत 28 फेऱ्या, की झाले 168. हा तळ वेगळा ठेवा. अंगासाठी 168 साखळ्यांचं नवीन कडं घ्या, साखळीला पीळ पडलेला नाही ना ते बघून मगच जोडा, आणि दर आठव्या टाक्याला खूण म्हणून सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा. दुसऱ्या फेरीपासून खुणेच्या जागी साधा टाका न घेता खालच्या फेरीतल्या त्याच टाक्याला पुढच्या बाजूनं सुई घालायची, त्याच्या मानेभोवती फिरवून बाहेर काढायची आणि खांब करायचा. तो खांब वर उठून येतो आणि दर फेरीला त्याच्यावरच पुढचा घेतला की खालून वरपर्यंत धार तयार होते, हीच कळी.

14 फेऱ्या सरळ विणा. मग एक फेरी अशी की प्रत्येक कळीत धारेच्या शेजारचे दोन साधे टाके एकत्र घ्यायचे, म्हणजे फेरीला 21 टाके कमी होतात आणि 147 उरतात. 147 वर 10 फेऱ्या, 126 वर 8, 105 वर 6, 84 वर 5, 63 वर 5, मग टोक निमुळतं व्हायला 42 वर 8 आणि 21 वर 8 (42 वरून 21 करताना कळीत साधा टाका एकच उरलेला असतो, तो धारेच्या टाक्यासोबत एकत्र घ्या). मधल्या भागात 5 पेक्षा कमी फेऱ्या घेऊ नका, नाहीतर टाके इतक्या घाईनं कमी होतात की कापडाला चुण्या पडतात. शेवटच्या 21 मध्ये नुसत्या धाराच उरलेल्या असतात, साधा टाका एकही नसतो, आणि सगळ्या कळ्या टोकाशी एकत्र येतात, उकडीच्या मोदकाच्या येतात तशाच. मग सुईत दोरा ओवून ते 21 टाके गोळा करायचे आणि ओढून आत गाठ मारायची. वेगळा ठेवलेला तळ शेवटी खालच्या कड्याला जोडायचा.

10 सेंटीमीटरमध्ये तुमचे 16 टाके बसत असतील तर हा मोदक साधारण 33 सेंटीमीटर रुंद आणि जवळपास तेवढाच उंच होतो. याहून मोठा हवा असेल तर टाके वाढवत बसू नका, जाड लोकर आणि जाड सुई घ्या. 10 सेंटीमीटरला 10 टाके बसतील अशी मखमली लोकर घेतली तर याच 168 टाक्यांत मोदक 53 सेंटीमीटर रुंद होतो, म्हणजे पावणेदोन फूट, दिवाणावर शोभेल असा. रंग पांढराशुभ्र नको, किंचित दुधाळ घ्या, उकडीला जो असतो तो, आणि टोकावर केशरी दोऱ्याच्या दोन-तीन काड्या शिवल्या की बघणाऱ्याला आतलं सारण आठवतं.

प्रश्न : सपाट गोल करायला गेले की कधी वाटी होते, कधी कडेला झालर पडते. एवढी मोठी पुरणपोळीची उशी करायची म्हणजे गोल सपाटच हवा. काय चुकतंय? (सातारा)

उत्तर : इथे थोडं शाळेतलं गणित आठवा, एकदा हे कळलं की कुठल्याही पॅटर्नची गरज पडत नाही, म्हणून मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं. वर्तुळाचा परीघ म्हणजे 2 गुणिले पाय गुणिले त्रिज्या. एक फेरी विणली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढते, म्हणजे परीघ त्या उंचीच्या 6.28 पट वाढला पाहिजे. सिंगल क्रोशेचा टाका जेवढा उंच साधारण तेवढाच रुंद असतो, म्हणून फेरीला 6 टाके वाढवायचे. खांब याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून खांबांचा गोल करताना 12. बस, एवढंच आहे.

आता तुमचं बघा. वाटी होत असेल तर वाढ कमी पडतेय, एकतर एखादी वाढ विसरली जातेय किंवा तुमचा हात असा आहे की टाका उंच येतो. झालर पडत असेल तर वाढ जास्त. थोडी वाटी होत असेल तर उसवू नका, सुई अर्ध्या मिलीमीटरनं मोठी घेऊन बघा. आणि एक, वाढ दर फेरीला त्याच जागी घेतली तर गोलाचा षटकोन होतो, लहान फळात तो खपून जातो पण दीड फुटाच्या पोळीला सहा कोपरे स्पष्ट दिसतात. म्हणून एका फेरीत वाढ मधेच सरकवायची. पॅटर्न ब्रिटिश असेल तर त्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला सिंगल, हेही तपासा, कारण 12 आणि 6 चा घोळ बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

प्रश्न : आत काय भरू? घरी जुन्या गादीचा कापूस आहे, तो पिंजून भरला तर चालेल का? आणि लोकर किती लागेल? (नांदेड)

उत्तर : कापूस मोठ्या उशीत भरू नका असंच मी सांगेन. पिंजून आणला तरी महिन्या-दोन महिन्यांत त्याचे गोळे होतात, आणि मुख्य म्हणजे तो जड असतो. क्रोशाचं कापड ताणलं जातं, जड भरलेली उशी उभी ठेवली की सगळं वजन खाली जातं, वरचे टाके लांबतात आणि तुमचा मोदक बसका होतो. सावरीचा कापूस हलका असतो, पण तो इतका बारीक की टाक्यांतून बाहेर यायला लागतो, तो घेणार असाल तर आत घट्ट विणीच्या कापडाची खोळ हवीच. बाजारात रेक्रॉन म्हणून जो फायबरचा कापूस मिळतो तो सगळ्यात बरा, हलका आहे, धुतला तरी लवकर वाळतो. नवीन घ्यायचा नसेल तर घरातल्या दोन जुन्या फायबरच्या उशा उसवा, हातानं मोकळा करून भरा.

आणि मोठ्या उशीला आतून कापडी खोळ शिवाच. अमिगुरुमी, म्हणजे ही जपानी पद्धतीची विणलेली खेळणी, बहुतेक तळहातावर मावणारी असतात, त्यात थेट भरलं तर चालतं. पण मापं दुप्पट केली की बाहेरची लोकर चौपट लागते आणि आतलं भरण आठपट! आठपट भरणाचा दाब टाक्यांवर आला की भोकं उघडतात आणि पांढरे तंतू डोकावतात. खोळ लोकरीच्याच रंगाच्या सुती कापडाची आणि विणलेल्या कव्हरपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मोठी शिवा, म्हणजे कव्हर वरून ताठ बसतं. विणताना सुईही लोकरीवर लिहिलेली असते त्यापेक्षा एक नंबर लहान घ्या.

लोकरीचा अंदाज कुणाला विचारून घेऊ नका, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. 10 बाय 10 सेंटीमीटरचा तुकडा विणा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. समजा 8 ग्रॅम भरला. 45 सेंटीमीटर व्यासाची गोल उशी, वर-खाली दोन गोल मिळून साधारण 3180 चौरस सेंटीमीटर, आणि बाजूची 10 सेंटीमीटरची पट्टी म्हणजे आणखी 1414. एकूण 4600 च्या आसपास, म्हणजे असे 46 तुकडे, म्हणजे 368 ग्रॅम. त्यात शिवण आणि उसवाउसवीसाठी थोडी वाढ धरली की 100 ग्रॅमचे 5 गुंडे. सगळे एकदम घ्या आणि वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा, नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग किंचित वेगळा निघतो आणि मोठ्या उशीवर तो पट्टा लपत नाही.

प्रश्न : मुलगा फ्रँकफर्टला असतो, त्याला वडापावची उशी करून पाठवायचीये. पाव गोल करू का? आणि एवढी मोठी वस्तू बॅगेत कशी बसणार? (ठाणे)

उत्तर : गोल अजिबात नको! गोल केलात तर तिथले सगळे बर्गर म्हणतील. आपला लादी पाव चौकोनी असतो, कोपरे गोलसर, वरून खरपूस तपकिरी आणि बाजूनं पांढरट, कारण तो लादीतून तोडलेला असतो. तेवढं दाखवलंत की मुलगा बघताक्षणी ओळखेल. मधून सुरू करा, चार कोपऱ्यांत प्रत्येकी एका टाक्यात 3 टाके, म्हणजे फेरीला 8 वाढतात आणि चौकोन सपाट राहतो. शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत कोपऱ्याला 3 च्या जागी 2 घ्या, कोपरे आपोआप गोल होतील. इथपर्यंत तपकिरी, मग वाढवणं थांबवून बाजू सरळ खाली उतरवताना साय रंगाची लोकर. वड्याला हळदीचा पिवळा आणि फिका तपकिरी असे दोन पातळ दोरे एकत्र धरून विणा, बेसनाचा तळलेला रंग एका दोऱ्यात येतच नाही. मधे कुठेकुठे साध्या टाक्याऐवजी खांब घेतला की तो जरा फुगतो, तेच वड्याचे उंचवटे. लसणाच्या चटणीसाठी लाल लोकरीचे बारीक तुकडे गाठी मारून शिवा, आणि तळलेली मिरची वेगळी विणून बटणानं लावा.

पाठवताना नुसती कव्हरं पाठवा, भरण नको. घडी घालून साडीएवढीच जागा लागेल. मागे चेन लावलेली असली की मुलगा तिथे एक साधी स्वस्त उशी घेऊन तिचं भरण यात भरू शकतो. खोळही शिवूनच द्या, त्याला तिथे शिवणं जमणार नाही.

प्रश्न : नातीचं बारसं आहे, तिच्या पाळण्यात ठेवायला मोठी मऊ कलिंगडाची फोड करतेय, मखमली लोकर घेतलीये. बियांना काळी बटणं लावू का? (रत्नागिरी)

उत्तर : आजी, फोड जरूर करा पण पाळण्यात ठेवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत उशी, मऊ खेळणी काहीच नसावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला सारता येत नाही. खोलीत खुर्चीवर ठेवा, बारशाच्या फोटोत घ्या, पुढे ती चालायला लागली की तीच ओढत फिरेल. बटणं नकोत, सुटून तोंडात जातात. बिया काळ्या दोऱ्यानं टाचून काढा.

मखमली लोकरीचं एक सांगते, त्यात टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटानं चाचपून मोजावे लागतात, म्हणून दर फेरीला खूण लावा. सुरुवातीचं ओढायचं कडं करू नका, ओढताना दोरा तुटतो, दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीतच 6 टाके घ्या. आणि जास्त वेळा उसवली तर तिची लव झडते.

तुमच्याकडे पावसाळ्यात ओल असते, तेव्हा कव्हर निघेल असंच करा. थंड पाण्यात सौम्य साबणानं धुवायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं, दोरीवर टांगलं तर लांबतं. इस्त्री नको, कृत्रिम धाग्याची लोकर तापली की लोळागोळा होते आणि परत पहिल्यासारखी होत नाही. आतली भरलेली खोळ उघडीप मिळेल तेव्हा उन्हात टाकत जा.

प्रश्न : शेजारच्या काकूंनी डोनटची उशी मागितलीये, पैसे द्यायला तयार आहेत पण म्हणतात दुकानात याहून स्वस्त मिळते. किती सांगू? मी कॉलेजमध्ये आहे. (कोल्हापूर)

उत्तर : दुकानातली स्वस्त उशी कापड शिवून केलेली किंवा मशीनवर विणलेली असते, क्रोशाचं काम हातानंच होतं, तेव्हा ती तुलनाच करू नकोस. विणताना रोज किती तास बसलीस ते वहीत लिही. लोकर, भरण, चेन यांचा खर्च, त्यावर तुझे तास गुणिले तू ठरवलेली ताशी मजुरी, हा आकडा काकूंना काम सुरू करण्याआधी सांग आणि लोकरीचे पैसे आधी घे. जास्त वाटले तर त्यांना एक फुटाची उशी सुचव. दोन फुटांऐवजी एक फूट म्हटलं की लोकर आणि तुझे तास दोन्ही पाव होतात, आणि भरण तर आठवा भागच लागतं.