दात पुढे की जबडा पुढे?

प्रश्न : मुलाच्या एक्स-रे रिपोर्टवर 'मँडिब्युलर प्रोग्नॅथिझम' लिहिलंय. हा आजार आहे का? (गुहागर)

आजाराचं नाव नव्हे, ठेवणीचं वर्णन आहे. ग्रीकमध्ये 'प्रो' म्हणजे पुढे, 'ग्नॅथॉस' म्हणजे जबडा. मँडिबल म्हणजे खालचा जबडा. तो वरच्यापेक्षा पुढे आलाय, एवढंच त्यात सांगितलंय. बाजारात बोंबील घ्याल तेव्हा त्याचं तोंड बाजूने बघा, खालचा जबडा पुढे दिसेल. मांदेलीचं उलट : वरचं मुसकं पुढे, खालचा जबडा आत. माणसात खालचा जबडा असा मागे राहिला तर त्याला रेट्रोग्नॅथिझम म्हणतात.

आपल्याकडे जबड्याला जुना शब्द 'हनू'. हनुवटी त्यातलीच, हनुमानही.

ही ठेवण बरेचदा घराण्यात उतरते. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याच्या हॅब्सबर्ग घराण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या होती. मुलाच्या आजोबांचा बाजूने काढलेला फोटो असला तर तपासणीला घेऊन जा.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीला शाळेत 'दाताळी' म्हणून चिडवतात. तिलाही हेच झालंय का? (दापोली)

नुसते दात पुढे असणं वेगळं आणि जबडा पुढे असणं वेगळं. अंगठा चोखायची सवय असेल तर वरचे पुढचे दात बाहेर ढकलले जातात; जबडा जागच्या जागी असू शकतो. नक्की काय ते बाजूने काढलेल्या एक्स-रेवर, म्हणजे सेफॅलोग्रामवर कोन मोजून कळतं. दात तपासायला आत्ताच न्या. या वयात हाडं वाढत असतात, त्या वाढीचा उपयोग करून घेता येतो. शिवाय असे दात पडल्या-झडल्यावर लवकर तुटतात. आणि कृपा करून वर्गशिक्षिकेशी आजच बोला. लहान वयातलं चिडवणं फार खोल जातं. हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुली मी रोज बघते.

प्रश्न : मी २४ वर्षांचा. तारा लावून खालचा जबडा मागे जाईल? (मालवण)

नाही. तारांनी दात सरकतात. वाढ संपल्यावर जबडा मागे घ्यायचा तर शस्त्रक्रियाच, आधी आणि नंतर तारा. मात्र जबडा अलीकडेच पुढे येऊ लागला असेल, अंगठी आणि चप्पलही घट्ट होत असेल, तर आधी फिजिशियनकडे जा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जास्त सुटलं की असं होतं.

प्रश्न : प्राणिशास्त्रात कीटकांनाही 'प्रोग्नॅथस' म्हणतात, ते कसं? (रत्नागिरी)

तिथे डोक्याची दिशा बघतात. जमिनीवर शिकार करणाऱ्या भुंगेऱ्याचे मुखावयव पुढे रोखलेले असतात, तो प्रोग्नॅथस. नाकतोड्याचं तोंड खाली वळलेलं असतं, तो हायपोग्नॅथस. वहीत आकृती बाजूने काढा, समोरून हा फरक दिसणार नाही.