आधी खांदे, मग बाकीचं

सूटविषयी आलेल्या प्रश्नांत रंग आणि टाय कमी, माप जास्त, हे बघून बरं वाटलं. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : रेडिमेड कोट बघतोय. 40 नंबर छातीला बरोबर होतो, पण खांदे बाहेर येतात. 38 मध्ये खांदे छान बसतात, मात्र बटण जरा ओढून लावावं लागतं. दुकानदार म्हणतो, 40 घ्या, खांदे अल्टर करून देतो.

38 घ्या. दुकानदाराला विकायचं आहे म्हणून तो तसं म्हणतोय. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, आतलं पॅडिंग काढून कापायचं, अस्तर सोडवायचं, वरचं कापड छाटायचं आणि बाही पुन्हा मुंढ्यात (कोटाला बाही जिथे जोडतात त्या काखेभोवतीच्या घेरात) बसवायची. बाहीचा वरचा गोलाई असलेला भाग मुंढ्यापेक्षा मुद्दाम थोडा मोठा कापलेला असतो आणि तो जास्तीचा घेर चुणी न पडता मुरवावा लागतो. हे काम हातात कसब असलेला टेलरही नाइलाजानेच घेतो. कंबर सैल किंवा घट्ट करणं त्यामानाने सोपं. कोटाच्या पाठीतल्या मधल्या शिवणीत आणि बाजूच्या शिवणींत बहुधा थोडं कापड दाबून ठेवलेलं असतं. अस्तरावरून बोटांनी चाचपलंत तर ती जाड पट्टी हाताला लागते. पट्टी चांगली रुंद लागली तर सगळं मिळून इंचभर तरी सुटतं, आणि ओढून लागणाऱ्या बटणाला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पट्टीच नसेल तर तो कोट सोडा आणि दुसऱ्या कंपनीचा 38 किंवा 39 घालून बघा. एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे कोट अंगावर अगदी वेगळे बसतात.

खांदा बरोबर आहे का, हे कळायला भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंड आणि कोटाचा खांदा एकदम टेकले तर माप ठीक. आधी पॅडिंग टेकलं आणि दंड अधांतरी राहिला तर खांदा मोठा. बाहीच्या वरच्या टोकाखाली खळगा पडत असेल तरी अर्थ तोच. उलट दंड शिवणीच्या बाहेर फुगलेला दिसला तर खांदा लहान.

खांद्यासारख्याच आणखी दोन गोष्टी नंतर बदलत नाहीत असं धरून चाला. एक कोटाची उंची : खालून कापली की खिसे आणि बटणं एकदम तळाशी आल्यासारखी दिसतात. दुसरा मुंढा : तो खोल कापलेला असेल तर वर उचलता येत नाही, कारण तिथलं कापड केव्हाच कापून गेलेलं असतं. बाहीची लांबी, पँटची कंबर, पँटची उंची ही रोजची कामं आहेत. फक्त बाहीची काजं खरी, म्हणजे उघडणारी असतील तर खालून आखूड करता येत नाही. वरून करावी लागते आणि पुन्हा खांद्याचं प्रकरण उघडतं.

एक राहिलं. जोडीने मिळणाऱ्या रेडिमेड सूटमध्ये पँटची कंबर सहसा छातीपेक्षा 6 इंचांनी कमी धरलेली असते, म्हणजे 38 च्या कोटाबरोबर 32 ची पँट. तुमचं अंग या हिशेबात बसत नसेल तर कोट आणि पँट वेगवेगळ्या नंबरात देणारं दुकान शोधा.

प्रश्न : आरशात सूट अगदी छान दिसतो. पण कार्यक्रमाच्या फोटोंत कोटाची कॉलर मानेपासून सुटून मागे उभी राहिलेली दिसते. पाठीवर घडीही पडते. हे कशाने होतं?

आरशात आपण पुढून बघतो, शिवाय आरसा दिसला की आपोआप ताठ होतो. कार्यक्रमात तुम्ही नेहमीसारखे उभे असता आणि लोक चारी बाजूंनी बघत असतात. म्हणून ट्रायलच्या वेळी पाठीचा फोटो कुणाकडून तरी काढून घ्या, आणि तोही तुमचं लक्ष नसताना.

पाठीवरच्या घड्या वाचता येतात. कॉलरच्या लगेच खाली आडवी वळी पडत असेल तर तुमचे खांदे कोटाच्या खांद्यांपेक्षा सरळ आहेत. खांद्याच्या टोकाला कोट वर उचलला जातो आणि मधलं कापड मानेपाशी गोळा होतं. यावर इलाज आहे. टेलर कॉलर काढतो, पाठीचं जास्तीचं कापड कमी करतो आणि कॉलर खाली बसवतो. मानेपासून काखेकडे तिरक्या घड्या येत असतील तर उलटं : खांदे उतरते आहेत. उतरत्या खांद्याला आतून थोडं पॅडिंग वाढवून काम भागतं.

कॉलर मानेपासून सुटणं हे बहुतेक वेळा पोक काढून उभं राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं, आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांत असे पुष्कळ. पाठीला गोलाई असली की मागची उंची कमी पडते. मग कोट वरून मानेपासून सुटतो आणि खालून पाठीमागे किंचित उचलला जातो. तुमच्या फोटोत हे दोन्ही एकत्र दिसत असेल तर कारण नक्की समजा. रेडिमेड कोटात तिथे वाढवायला कापडच नसतं, त्यामुळे कॉलर आवळून द्या म्हणून टेलरच्या मागे लागू नका. कोट मापाने शिवून घ्या आणि माप देताना मुद्दाम ताठ होऊ नका. चांगला टेलर मान आणि पाठ यांकडे नुसतं बघून वहीत काहीतरी टिपून घेतो. जो फक्त छाती, कंबर, सीट, बाही एवढंच मोजून टेप गळ्यात टाकतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये असं माझं मत.

कोट नीट बसला असेल तर मागून शर्टाची कॉलर साधारण अर्धा इंच वर दिसते आणि मान वळवली तरी कोटाची कॉलर तिला चिकटून राहते. बाहीखालूनही शर्टाचा कफ साधारण तेवढाच दिसावा. हे जमलं की अर्धा सूट जमला.

प्रश्न : नोकरीच्या मुलाखतीसाठी पहिलाच सूट घेतोय. मित्र स्लिम-फिटच घे म्हणतात. किती फिट म्हणजे योग्य?

बटण लावल्यावर त्याच्या आजूबाजूला फुलीसारख्या चुण्या पडत असतील, लेपल (कॉलरला जोडून छातीवर उलटलेल्या पट्ट्या) छातीवर सपाट न बसता धनुष्यासारखे वाकत असतील, किंवा मागची चीर उभ्या-उभ्या उघडी राहत असेल, तर कोट स्लिम नाही, लहान आहे. बटण लावून शर्ट आणि कोट यांच्यामध्ये तळहात सपाट सरकवा. तो सहज जावा. मूठ मावली तर सैल.

कोटाची उंची सीट झाकेल एवढी हवी. मानेच्या मणक्यापासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्मी, हा जुना हिशेब अजूनही चालतो. आखूड कोटांची फॅशन येते-जाते, आणि तुम्ही सूट एका मुलाखतीपुरता घेत नसाल.

पण मुलाखतीत तुम्ही बहुतेक वेळ बसलेले असता, आणि दुकानात मात्र सगळे उभ्यानेच सूट बघतात. तिथे खुर्ची मागा. कोटाचं बटण उघडून बसा. मांडीवर पँट ताणली जाते का, पोटरी उघडी पडते का (पडत असेल तर मोजे लांब घ्या), खांदे कानाकडे चढतात का, हे बघा. मग हात पुढे करून टेबलावरून कागद उचलल्यासारखं करा. मुंढा वर आणि नेटका असेल तर फक्त बाही हलते. खोल मुंढा हाताबरोबर सगळा कोट वर खेचतो. मोठा मुंढा म्हणजे मोकळेपणा असं वाटतं खरं, होतं बरोबर उलट.

रंग गडद निळा किंवा गडद करडा, बिनरेघांचा. बाहीवर बाहेरून शिवलेलं कापडाचं लेबल काढा आणि मागच्या चिरेवरचे फुलीसारखे कच्चे टाके कापा. ते टाके शोभेचे नसतात. दुकानात टांगलेल्या कोटाचा आकार बिघडू नये म्हणून घातलेले असतात.

प्रश्न : मी स्त्री आहे. कोट-पँटच्या सूटमध्ये छातीशी बटण उघडतं. छातीला होणारा घेतला तर कंबर आणि खांदे सैल होतात.

बटण छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी येत असेल तर कोणत्याही मापाचा कोट तिथे फाकणारच. एक बटण असलेला, आणि ते बटण कंबरेच्या सगळ्यात बारीक जागी येणारा कोट बघा. दुसरं म्हणजे शिवण बघा. पुढच्या बाजूला खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून छातीवरून खाली कंबरेकडे जाणारी उभी शिवण असेल तर टेलरला त्याच रेषेवर कंबर आत घेता येते. फक्त छोटा टक (शिवून घेतलेली चुणी) असलेल्या कोटात तेवढी जागा मिळत नाही. खांदे आणि छाती दोन्ही जेमतेम पटतील असा कोट घ्या आणि कंबर आवळून घ्या. खांदे अगदीच लोंबत असतील तर मात्र नको.

पँटची उंची ज्या चपला-बुटांवर घालणार तेच घालून ठरवा. दोन इंची टाचेवर मापलेली पँट सपाट बुटांवर जमीन झाडते. खिसेही उघडून बघा. फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँ यांनी बायकांसाठी टक्सिडो (पुरुषांचा संध्याकाळचा औपचारिक सूट) आणला तो 1966 मध्ये, तरी बायकांच्या कोटाचे खिसे अजून कित्येकदा नुसते दाखवायचेच असतात! आत खिसा शिवलेला असेल आणि तोंड फक्त कच्च्या टाक्यांनी बंद असेल, तर टाके कापले की झालं.

प्रश्न : कापडावर ‘सुपर 120’, ‘सुपर 150’ असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तितकं कापड चांगलं का?

तितकं बारीक, एवढंच. हा आकडा लोकरीच्या तंतूची जाडी सांगतो. सुपर 100 मध्ये तंतू 18.75 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 120 मध्ये 17.75 आणि 150 मध्ये 16.25. बारीक तंतूचं कापड मऊ, तकतकीत आणि नाजूक. बसून-उठून पँट गुडघ्यावर आणि सीटवर लवकर झिजते, चुरगळतेही. नेहमी घालायचा सूट असेल तर 100 ते 120 भरपूर झालं.

आकड्यापेक्षा कापडाचं वजन विचारा. दर चौरस मीटरला 240 ते 280 ग्रॅम हे वर्षातल्या बऱ्याच दिवसांना चालतं, उन्हाळ्याला 200 ते 230, कडक थंडीला 300 च्या वर. उकाड्यात लोकर कशी चालेल, असं पुष्कळांना वाटतं. पीळदार धाग्याची, उघड्या विणीची हलकी लोकर हवा खेळू देते, आणि पॉलिएस्टर जास्त असलेल्या पातळ कापडापेक्षा अंगाला कितीतरी सुखाची होते. कापड मुठीत दाबून सोडा. चांगली लोकर लगेच उलगडते.

कोटाच्या आत काय आहे, हेही बघा. सगळ्यात खालच्या काजाखाली पुढचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून अलगद वेगळं करा. दोन थरांच्या मध्ये तिसरा मोकळा थर बोटांना लागला तर आत कॅनव्हास (कोटाला आकार देणारं आतलं कापड) शिवलेला आहे. तसं काही जाणवलं नाही तर फ्युजिंग, म्हणजे वरच्या कापडाला चिकटवलेलं आतलं कापड आहे. फ्युजिंग वाईटच असं नाही, बहुतेक रेडिमेड कोट तसेच असतात. पण हलकं फ्युजिंग उष्णतेने सुटतं आणि लेपलवर फुगे येतात. ते फुगे पुन्हा बसवता येत नाहीत.

प्रश्न : काळा सूट चालेल?

संध्याकाळी चालतो. दिवसा ऑफिसला गडद निळा बरा.

प्रश्न : पोट सुटलेलं आहे. पँट सतत खाली घसरते, कोटाचं बटण लागत नाही. मोठ्या नंबरचा कोट घेतला तर हात बाहीत हरवतात.

पोटाखाली पँट बांधणं थांबवा, पहिली गोष्ट ही. पोटाखालून पट्टा आवळला की तो उतारावरच असतो, घसरणारच. जास्त उंचीची, पुढे एक-दोन प्लीट (कंबरेपाशी घातलेल्या चुण्या) असलेली पँट घ्या, बेंबीच्या आसपास घाला आणि पट्ट्याऐवजी गॅलिस (पँट धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे) लावा. पँट खांद्यावरून लटकते, घसरायचा प्रश्नच येत नाही, आणि पुढून एक सरळ रेषा पडल्यामुळे माणूस उंच दिसतो. प्लीटने जाड दिसतो असं म्हणतात, पण ताणलेल्या खिशांची उघडी तोंडं त्याहून वाईट दिसतात.

कोट मापाने शिवून घ्या. रेडिमेडमध्ये नंबर वाढला की पोटाबरोबर खांदे आणि बाह्याही वाढतात, आणि तुम्हाला वाढ फक्त पुढ्यात हवी आहे. पोट असलेल्या माणसाचा कोट पुढून थोडा लांब कापावा लागतो, नाहीतर पुढची टोकं वर उचलतात. हे टेलरला आठवण करून द्या.

प्रश्न : दर वेळी घातल्यावर ड्रायक्लीन करावं का?

नको. रुंद खांद्यांच्या हँगरवर रात्रभर मोकळ्या हवेत टांगा, मऊ ब्रशने धूळ झटका, आणि तोच सूट लागोपाठ दोन दिवस घालू नका. डाग किंवा वास असेल तेव्हाच ड्रायक्लीन, आणि तेव्हा कोट-पँट दोन्ही एकत्र द्या, नाहीतर रंगात फरक पडतो.

प्रश्न : कोटाची दोन्ही बटणं लावायची की एकच?

दोन बटणांच्या कोटात वरचं लावा, खालचं कधीच नाही. ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड पोटामुळे खालचं बटण उघडं ठेवायचा आणि ते बघून बाकीचेही ठेवू लागले, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, आता कोट कापतानाच वरच्या बटणाखाली कड बाहेर वळवलेली असते. खालचं बटण लावलं तर कापड ओढलं जातं आणि कंबरेचा आकार मोडतो. तीन बटणांच्या कोटात मधलं लावायचं, वरचं तुमच्या मर्जीवर. डबल-ब्रेस्टेड (पुढे बटणांच्या दोन रांगा असलेला) कोट उभं असेपर्यंत बंदच ठेवतात. बाकी कोटांची बटणं बसताना उघडा, उठलात की लावा.