एमएसडब्ल्यूसाठी कर्ज काढण्याआधी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायचं ठरवलंयस, फार छान. या कामात मनापासून येणारी माणसं हवीच आहेत. फक्त बँकेत जाण्याआधी कागद-पेन घेऊन बस आणि हप्ता काढ.

४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षं मुदत धरली तर महिना साधारण ६,६४० रुपये. हातात २०,००० येणार असतील तर तिसरा हिस्सा तिथेच गेला. खोलीचं भाडं, डबा, घरी पाठवायचे पैसे त्यानंतर.

नवखे बहुतेक इथे चुकतात:
- शिकताना हप्ता नसतो म्हणून व्याजही नाही असं धरतात. रक्कम उचलली की व्याज सुरू होतं. जमेल तेवढं तेव्हाच भरत जा.
- फक्त फी मोजतात. क्षेत्रकार्याचा, म्हणजे अभ्यासक्रमात वस्त्या-संस्थांमध्ये जाऊन करायच्या कामाचा, प्रवासखर्च विसरतात.
- कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबतात. त्यापेक्षा दोन वर्षांपूर्वी पास झालेल्यांना गाठ. पगार किती, नोकरी कायम की प्रकल्पापुरती, हे स्पष्ट विचार. प्रकल्पाचा निधी संपला की नोकरी जाते, हप्ता चालूच राहतो.

अनुदानित कॉलेज मिळत असेल तर आधी तेच घे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, शिष्यवृत्ती बघ. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐन वेळी तोच अडतो.