नांगी विंचवाची आणि क्रेफिशची

पत्रातून आलेला प्रश्न असा आहे: क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या, कवचाच्या प्राण्याच्या शरीररचनेवरचा एक पाठ मराठीत आणताना पुढच्या दोन मोठ्या अवयवांना 'नांगी' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'चिमटा' केलं, कारण नांगी विंचवाला असते, म्हणजे डंख. यात बरोबर काय?

नांगीच ठेवा. कोकणातल्या कुठल्याही मासळीबाजारात खेकड्याला नांग्याच असतात. मालवणीत त्यांना डेंगेही म्हणतात. बारीक पाय वाटून रस काढायचा आणि नांग्या जराशा ठेचून रश्शात सोडायच्या, हे सांगताना 'चिमटे' म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. क्रेफिश खेकड्याच्याच गोतावळ्यातला, दहा पायांचा. त्याला हा शब्द का नको?

शिवाय 'चिमटा' इथे घोटाळा करतो. क्रेफिशला चालायच्या पायांच्या पाच जोड्या. पहिली जोडी म्हणजे या जाडजूड नांग्या. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीच्या टोकांनाही बारीक चिमटे असतात, त्यांनी तो खाण्याचे कण उचलून तोंडाकडे नेतो. म्हणजे नांग्या धरून चिमटे सहा, आणि नांग्या दोनच. नुसतं 'चिमटा' लिहिलंत तर वाचणाऱ्याने कुठला समजायचा?

विंचवाची शंका मात्र खरी आहे. त्याची नांगी शेपटीच्या शेवटच्या पेरात, विषासकट. क्रेफिशच्या त्याच जागी, मागच्या टोकाला, पंखा असतो: मधलं एक पातं आणि दोन्ही अंगांना दोन-दोन पाती. हा पंखा पोटाखाली झटक्याने ओढला की तो मागच्या मागे उसळी घेतो. विष कुठेच नाही. तेव्हा पाठात पहिल्यांदा 'पहिल्या पायांच्या नांग्या' असं एकदा लिहा. पुढे नुसतं 'नांगी' चालेल.

खरी काळजी घ्यायची ती 'नांगी टाकणे' या वाक्प्रचाराची. उभारलेली नांगी विंचवाने खाली टाकली की तो हरला, म्हणून आपल्याकडे त्याचा अर्थ हार मानणे. क्रेफिश मात्र खरोखरच नांगी टाकतो! शत्रूच्या तावडीत ती सापडली, की बुडाशी एका ठरलेल्या जागी ती तुटते आणि तो निसटतो. पुढे कात टाकताना तिथे नवी नांगी येते, आधी लहान, मग दर कातीला थोडी मोठी. एक नांगी दांडगी आणि एक चिमुकली असा क्रेफिश दिसला तर तो जन्माचा अधू समजू नये. आता अनुवादात 'क्रेफिशने नांगी टाकली' लिहिलं, तर मराठी वाचक 'शरण गेला' असंच वाचणार, आणि घडलंय नेमकं उलटं. तिथे 'नांगी तोडून सोडली' असं सरळ लिहावं. मला तर या एका वाक्यासाठीच हा प्रश्न फार आवडला.

पत्राच्या शेवटी आणखी एक विचारलं आहे: क्रेफिशलाच 'शेवंड' म्हटलं तर? नको. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला लांब काटेरी मिशा असतात, मोठ्या नांग्या नसतातच. मग नांग्यांवरचा अख्खा परिच्छेद खोटा पडेल. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये शेवंडीच्या जातीलाही क्रेफिश म्हणतात, गोंधळ तिथून येतो. पण तुमचा पाठ गोड्या पाण्यातल्या प्राण्याचा आहे. तो भारतातल्या नद्यांचा मूळ रहिवासी नाही, त्यामुळे त्याला जुनं मराठी नाव मिळालं नाही. 'क्रेफिश' तसाच राहू द्या. फक्त त्याला 'मासा' म्हणू नका. जुन्या फ्रेंचमधल्या 'क्रेव्हिस'चा शेवट इंग्रजांच्या कानाला 'फिश' वाटला, एवढाच त्याचा माशाशी संबंध.