वाचकांचे प्रश्न : भटकंतीसाठी घडवून घेतलेला सुरा

प्रश्न : मी मुलुंडला राहतो आणि गेली चार वर्षे मित्रांच्या गटाबरोबर सह्याद्रीत फिरतो. राजमाची, हरिश्चंद्रगड अशा ठिकाणी तंबूत मुक्काम होतो. एका कारागिराकडून खास सुरा घडवून घ्यायचा विचार आहे. सात इंचांचे पाते, सहा मिलिमीटर जाडी, पाठीला करवतीचे दाते आणि आत काड्या व गळ ठेवता येईल अशी पोकळ मूठ, असे मी त्याला सांगितले आहे. पोलाद तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे घेणार आहे. हा बेत योग्य आहे का? असा सुरा जवळ बाळगण्यात कायद्याची अडचण आहे का?

उत्तर : आपल्या पत्रात सुऱ्याची सगळी मापे आहेत, त्याने काय कापायचे, तेवढे मात्र नाही. गडावरच्या मुक्कामात सुऱ्याला पडणारी कामे आठवून पाहावीत : दोरी कापणे, कांदा-बटाटा चिरणे, शिध्याची पाकिटे फोडणे आणि तंबूची खुंटी हरवलीच, तर पडलेल्या वाळक्या काटकीची नवी खुंटी तासणे. सहा मिलिमीटर जाडीचे पाते ओले ओंडके फोडून आतले कोरडे लाकूड काढण्यासाठी, म्हणजे थंड प्रदेशातल्या जंगलांसाठी असते. त्याने कांदा चिरला जात नाही, फुटतो. शिवाय पोलादाचा एक घनसेंटिमीटर सुमारे ७.८५ ग्रॅम भरतो, त्या हिशेबाने आपला सुरा मुठीसह चारशे ग्रॅमच्या आसपास जाईल. चार इंच लांब आणि तीन मिलिमीटर जाड पात्याचा सुरा दीडशे ग्रॅममध्ये बसतो. आपल्याला मी हा दुसराच सुचवीन.

पोकळ मूठ तर मुळीच नको. तिच्यात काड्या ठेवायच्या म्हणून पात्याचा मुठीत शिरणारा भाग आखूड करावा लागतो, आणि जोर नेमका तिथेच येतो. अशाच एका सुऱ्याची मूठ माझ्या हातात राहिली आणि पाते नारळात अडकले, तेव्हापासून पाते मुठीच्या टोकापर्यंत एकसंध असल्याशिवाय मी सुरा घेत नाही. पाते आणि मूठ मिळतात तिथला कोपरा काटकोनी न ठेवता गोलसर ठेवायला सांगावे, कारण पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कठीण करताना, तडा बहुधा तिथूनच जातो. करवतीचे दाते दिसायला जोरकस असले, तरी एवढ्या जाड पात्याचे दाते लाकडात अडकतात आणि पाठीवर अंगठा ठेवून बारीक काम करण्याची सोय जाते.

आता पोलाद. कमानपाट्याचे पोलाद मुळात चांगले असते. आपल्याकडे ते बहुधा ईएन ४५ या जातीचे येते आणि ते धक्के सोसते. अडचण ‘जुन्या’ या शब्दात आहे. वर्षानुवर्षे खड्डे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात, म्हणून त्याच पोलादाची नवी पट्टी आणायला सांगावी. त्याने खर्च फारसा वाढत नाही. काही कारागीर डी २ जातीचे पोलाद सुचवतात. त्यात सुमारे बारा टक्के क्रोमियम असल्याने गंज कमी चढतो आणि धार पुष्कळ टिकते, पण एकदा बोथटली की मुक्कामावर छोट्या दगडाने ती परत आणताना घाम निघतो.

जातीपेक्षाही महत्त्वाचे आहे ते पाणी देणे. शक्य असल्यास त्या दिवशी स्वतः भट्टीपाशी उभे राहावे. लाल तापलेल्या पात्याला लोहचुंबक चिकटेनासा झाला की आणखी किंचित तापवून कारागीर ते तेलात बुडवतो. मग त्यावर कानस फिरवली, तर ती काचेवरून जावी तशी घसरते. या अवस्थेत पाते इतके ठिसूळ असते, की फरशीवर पडले तरी तुटू शकते. म्हणून पुढे दोनशे अंशांच्या आसपास, एकेक-दोन तास, दोनदा मंद तापवणे आवश्यक असते. ‘किती अंशांवर आणि किती वेळ?’ एवढे कारागिराला विचारावे आणि तो उत्तर टाळू लागला, तर आगाऊ रक्कम देऊ नये.

कायद्याबाबत : शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे, ते घरगुती, शेती किंवा उद्योगाच्या कामाचे नसतील तर, शस्त्रांत धरले जातात. आपला सुरा त्या मापात येत नाही. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, म्हणून लोकलमध्ये तो कमरेला लटकवून मिरवू नये. म्यानात घालून स्वयंपाकाच्या सामानाबरोबर पिशवीत ठेवावा. भटक्यांच्या ध्यानात सहसा न येणारी बाब वेगळीच आहे. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३१ अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास मनाई करते; त्या कायद्याच्या व्याख्येत सुरेही शस्त्रांत मोडतात, मग माप कोणतेही असो. भीमाशंकर आणि आपल्या घरामागचे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान यांनाही हे लागू आहे. तिथे जाताना वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारावे, नाहीतर सुरा घरी ठेवून भाजी चिरूनच न्यावी.

प्रश्न : माझ्या वडिलांचा शिबिरातला जुना सुरा मी वापरते. पावसाळ्यात खोबरेल लावून चामड्याच्या म्यानात ठेवते, तरी गंजतो. धार लावायला लोहार चाळीत गेले, तर तिथे दिवे आणि विजेच्या तारांचीच दुकाने. काय करावे? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : लोहार चाळीत लोहार शोधणाऱ्या आपण पहिल्या नाही. गंजाचे कारण म्यान आहे : चामडे मुंबईची दमट हवा शोषून घेते आणि ती पात्याला चिकटवून ठेवते. म्यान फक्त प्रवासात वापरावे. घरी सुरा पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळावा आणि भाजी चिरण्याआधी धुऊन घ्यावा. लिंबू कापल्यावर पडणारी करडी झाक म्हणजे गंज नव्हे, ती घासून काढू नये. सायकलच्या चाकावर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याकडे हा सुरा देऊ नये. कोरड्या दगडावर ठिणग्या उडत असताना धारेची कड निळी पडली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरलेले असते आणि ते घरी परत चढवता येत नाही. ओला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, घेऊन धार स्वतःच लावावी.