घामावर प्रकाश टाकून शुगर मोजता येते का?
मोजता येते, पण त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवू नका. त्वचेवर चिकटवलेल्या पॅचमधलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम घामातल्या ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, त्यानं रंगद्रव्याचा रंग बदलतो आणि एलईडीचा किती प्रकाश शोषला गेला ते फोटोडायोड (प्रकाश मोजणारा सेन्सर) टिपतो. गोम अशी की घामात ग्लुकोज रक्ताच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढंच असतं. शिवाय घाम किती सुटला, त्वचेवर आधीचं काय चिकटलेलं होतं, यावरही आकडा हलतो.

घामातल्या क्लोराइडचं (मिठाचा एक घटक) मात्र छान जमतं. सिल्व्हर क्लोरॅनिलेट या रसायनाशी त्याची गाठ पडली की जांभळा रंग चढतो, मोबाइलच्या फोटोवरूनही तो वाचता येतो. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं आणि पचनाच्या आनुवंशिक आजाराच्या निदानात घामातलं क्लोराइड (६० मिलिमोल प्रतिलिटर किंवा जास्त) पाहतातच. शुगरसाठी सध्या बोट टोचा, नाहीतर सीजीएम (त्वचेखालच्या सेन्सरनं सतत ग्लुकोज मोजणारं यंत्र) लावा.